‘फेलो’ म्हणजे कोण? विधिमंडळातील सुशिक्षित श्रमाचा प्रश्न



२०२३ या एका वर्षात दिल्ली आणि जयपूर या दोन शेजारच्या राजधान्यांत तीन घटना घडल्या. जुलैच्या आरंभी दिल्ली विधानसभेच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या तरुण फेलोंची सेवा संपुष्टात आणणारा हुकूम सुटला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला जयपूरच्या विधानसभेने अ‍ॅपवरून गाडी चालविणाऱ्या व घरोघर माल पोचविणाऱ्या कामगारांसाठी एक कायदा मंजूर केला. या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होय. आणि वर्ष संपता संपता त्याच जयपुरात, राज्य सरकारच्या योजनेखाली काम करणाऱ्या सुमारे पाच हजार ‘युवा मित्रां’ना ३१ डिसेंबरपासून काम बंद झाल्याचे कळविण्यात आले.

वरवर पाहता या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पहिल्या घटनेतील तरुण विधानसभेत बसून विधेयकांची टिपणे काढीत होते, दुसरीतील तरुण पाठीवर पेटी घेऊन रस्त्यावर धावत होते, तिसरीतील तरुण गावोगाव सरकारी योजनांची माहिती सांगत होते. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. जो काम करतो त्याला ‘कामगार’ म्हणावयाचे की नाही? मालक त्याला ‘भागीदार’ म्हणतो, सरकार ‘मित्र’ म्हणते, विधानसभा ‘फेलो’ म्हणते. नावे तीन, आणि तिन्ही नावांचा उपयोग एकच.

महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण विधिमंडळात मानधनावर काम करतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे. तिच्याकडे मूठभर सुस्थित मुलांची हौस म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ही दृष्टी चुकीची आहे. हे काम कशासाठी आवश्यक आहे, ते कोणत्या अटींवर करून घेतले जाते आणि ते बंद पडले की लाभ कोणाचा होतो, हे तिन्ही मुद्दे नीट तपासले पाहिजेत.

आमदाराच्या पाठीमागे कोण?

राजस्थानच्या विधानसभेत २०० सभासद आहेत. जयपूरच्या जुन्या शहरातील सवाई मानसिंह टाऊन हॉलमध्ये भरणारी ही विधानसभा २००१ पासून ज्योतीनगरच्या भव्य विधानभवनात भरते. सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. त्या वेळी सभागृहाची रचना कशी असते, हे पाहण्यासारखे आहे. मंत्री उत्तर देण्यास उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती खात्याने तयार केलेले टिपण असते. अधिकाऱ्यांच्या दालनात त्याच्या खात्याचे सचिव बसलेले असतात; अडचण आली तर चिठ्ठी पोचते. त्यांच्या मागे सचिवालय, जिल्हाधिकारी कार्यालये, आकडेवारीचे खाते असा सारा राज्यकारभार उभा असतो. प्रश्न विचारणारा आमदार मात्र एकटा असतो. फार तर त्याचा एक स्वीय सहायक असतो, आणि त्या बिचाऱ्याचा दिवस बदल्यांचे अर्ज, रुग्णालयाच्या चिठ्ठ्या आणि लग्नाची निमंत्रणे यांतच मावळतो.

या विषमतेचा परिणाम उघड आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ साली राज्यांच्या विधानसभा सरासरी सुमारे २० दिवस भरल्या, आणि मंजूर झालेल्या विधेयकांपैकी निम्म्याच्या आसपास विधेयके मांडली गेली त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. सकाळी हाती पडलेले विधेयक संध्याकाळी मंजूर करावयाचे असेल, तर ते वाचणार कोण आणि त्यातील कलमाकलमाचा अर्थ लावणार कोण? १९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीनंतर सभासदाचे मत पक्षादेशाने बांधले गेले. अभ्यासाला वेळ नाही, साहाय्य नाही आणि मतही आपले नाही, अशा स्थितीत सभागृह कार्यकारी सत्तेच्या निर्णयांवर शिक्का मारणारे कार्यालय बनू लागते.

याउलट, वेळ मिळाला की काय घडते, याचे उदाहरण जयपुरातच आहे. आरोग्यहक्काचे विधेयक राजस्थानात सप्टेंबर २०२२ मध्ये मांडले गेले आणि निवड समितीकडे गेले. फेरफार होऊन ते २१ मार्च २०२३ रोजी मंजूर झाले. खाजगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध संप पुकारला आणि एप्रिलच्या आरंभी सरकारशी समझोता झाल्यावर तो मिटला. या संघर्षात खाजगी रुग्णालयांच्या बाजूने वकील होते, संघटना होत्या, छापील निवेदने होती. तातडीचा उपचार नाकारला गेलेल्या रुग्णाच्या बाजूने समितीतील सभासदाला टिपण कोण लिहून देणार? ‘तातडीचा प्रसंग’ या दोन शब्दांची व्याख्या कशी केली जाते, यावर त्या रुग्णाचा जीव अवलंबून असतो. ती व्याख्या तपासण्याचे काम घोषणेने होत नाही. त्यासाठी कोणीतरी रात्र जागून इतर कायदे व निकाल वाचावे लागतात.

फेलोचे प्रत्यक्ष काम

ते ‘कोणीतरी’ म्हणजेच फेलो. विद्यापीठीय मराठीत त्याला अधिछात्र म्हणतात. परंतु विधिमंडळातील फेलो छात्र कमी आणि कामकरी अधिक असतो. अर्थसंकल्पाच्या मागण्यांची जाडजूड पुस्तके वाचणे, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून आपल्या मतदारसंघाला लागू पडणारे परिच्छेद निवडणे, विधेयकावर दुरुस्त्या सुचविणे, समितीच्या बैठकीपूर्वी प्रश्नावली तयार करणे, ही त्याची कामे. राजस्थानात नियम २९५ खालील विशेष उल्लेख आणि नियम १३१ खालील ध्यानाकर्षण प्रस्ताव, ज्याला महाराष्ट्रात लक्षवेधी सूचना म्हणतात, ही सभासदाच्या हातची महत्त्वाची साधने आहेत. ती बोथट ठेवावयाची की धारदार करावयाची, हे पूर्वतयारीवर ठरते.

एक साधे उदाहरण घ्या. ‘ग्रामीण रुग्णालयांची स्थिती कशी आहे?’ असा प्रश्न विचारला तर ‘समाधानकारक आहे’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. परंतु ‘अमुक तालुक्यात डॉक्टरांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त पदे कोणत्या तारखेपासून रिक्त आहेत आणि भरतीची जाहिरात केव्हा निघाली?’ असे विचारले, तर मंत्र्याला चार आकडे आणि एक तारीख सभागृहापुढे ठेवावी लागते. एकदा इतिवृत्तात गेलेला आकडा पुढे गावातील कार्यकर्त्याच्या हाती पडतो, मोर्चाच्या निवेदनात येतो, न्यायालयातही उपयोगी पडतो. पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंतचे अंतर हेच फेलोचे श्रम होत. सभागृहात ते दिसत नाहीत आणि इतिवृत्तात त्यांचे नाव येत नाही. परंतु दिसत नाहीत म्हणून ते श्रम नव्हेत, असे कोणी म्हणू शकत नाही.

भारतात या कामाला संघटित रूप अलीकडे आले. २०१० साली पीआरएसने खासदारांबरोबर काम करणाऱ्या पदवीधरांसाठी एक उपक्रम सुरू केला. एका फेलोने एका खासदारासोबत पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करावयाचे, अशी त्याची मांडणी. त्यातून अनेक तरुणांना संसदीय कामाचे उत्तम शिक्षण मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु मासिक रक्कम बराच काळ वीस हजारांच्या घरात होती. दिल्लीत खोली भाड्याने घेऊन तेवढ्यावर वर्ष काढावयाचे, तर मागे घरचा आधार हवा. बाडमेरच्या शेतमजुराच्या किंवा बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला असा आधार कोठून मिळणार? आणि जिने दुष्काळ अंगावर काढला, तीच जर दुष्काळावरचा प्रश्न लिहिण्यास पोचू शकत नसेल, तर लोकप्रतिनिधीला मिळणारे ज्ञानही एकाच थरातून येणार. अपुरे मानधन ही केवळ फेलोची अडचण नाही. त्यातून कोणाचा अनुभव विधिमंडळात पोचेल आणि कोणाचा पोचणार नाही, याचीही निवड होऊन जाते.

दिल्लीचा धडा

राज्य पातळीवर विधानसभेने स्वतःच असे केंद्र उभारल्याचे ठळक उदाहरण दिल्लीचे. तेथील विधानसभा संशोधन केंद्रात २०१९ पासून फेलो व सहयोगी फेलो नेमले गेले आणि आमदारांना व सभागृहाच्या समित्यांना त्यांचे साहाय्य मिळू लागले. मे २०२३ मध्ये प्रशासकीय सेवांवरील अधिकारावरून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग केंद्राचा अध्यादेश, असा झगडा पेटला. जुलैमध्ये सेवा विभागाने निरनिराळ्या खात्यांतील फेलो, सल्लागार व तज्ज्ञ यांच्या नेमणुका थांबविल्या आणि त्यात विधानसभेचे फेलोही सापडले. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा दिला. ऑक्टोबरमध्ये तोही मागे घेतला गेला. दोन सत्ताकेंद्रांच्या भांडणात पगार तुटला तो पंचविशीतल्या तरुणांचा.

या प्रकरणाचे दोन धडे आहेत. संविधानाच्या कलम १८७ ने राज्य विधिमंडळासाठी स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्गाची तरतूद केली आहे. जी यंत्रणा सरकारला जाब विचारणार, तिचे नोकर सरकारच्या मर्जीवर असू नयेत, हे त्यामागचे तत्त्व. दिल्ली हे पूर्ण राज्य नसल्याने तिची घटनात्मक स्थिती वेगळी आहे, हे खरे. परंतु धोका कोणता, हे तेथे उघडपणे दिसले. सभागृहाचे संशोधक कार्यकारी सत्तेच्या एका पत्राने घरी जाऊ शकतात, तर सभागृहाचे स्वातंत्र्य किती उरले?

दुसरा धडा कटू आहे, पण तो टाळता येणार नाही. या नेमणुका मंजूर पदांवर झाल्या नव्हत्या आणि त्यांत आरक्षण पाळले गेले नाही, असा आक्षेप शासनाने घेतला होता. हा आक्षेप ज्या हेतूने घेतला गेला तो हेतू कोणताही असो, आक्षेपाचा विषय खरा आहे. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या नेमणुकीत दलित, आदिवासी व मागासवर्गीय तरुणांचा वाटा ठरलेला असलाच पाहिजे. मात्र आरक्षण पाळले नाही याचा उपाय आरक्षण लागू करणे हा आहे. केंद्रच रिकामे करणे हा नव्हे. जाहीर परीक्षा, मंजूर पद आणि आरक्षण यांचा आधार नसलेली नेमणूक देणाऱ्याला सोयीची असते. पण वारा फिरला की तिच्या बचावाला कायद्यातील एकही कलम उभे राहत नाही.

जयपूरचा विरोधाभास

जयपूरच्या ‘युवा मित्रां’चे प्रकरण विधिमंडळाचे नव्हे, शासनाचे आहे. तरीही दोहोंची जात एकच आहे. राजीव गांधी युवा मित्र या नावाच्या योजनेखाली पदवीधर तरुणांना ‘इंटर्न’ म्हणून घेण्यात आले. २०२३ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि नव्या सरकारने वर्षअखेरीस योजना बंद केली. तरुणांनी जयपूरच्या शहीद स्मारकापाशी थंडीच्या दिवसांत धरणे धरले आणि ते कित्येक आठवडे चालले. योजनेला सत्ताधारी पक्षाच्या नेत्याचे नाव द्यावयाचे, तिच्यातील तरुणांकडून सरकारच्या कामाचा प्रसार करून घ्यावयाचा, आणि पुढच्या सरकारने त्यांच्याकडे आधीच्या पक्षाची माणसे म्हणून पाहावयाचे, हा खेळ दोन्ही बाजूंनी खेळला गेला. त्यात त्या तरुणांचा अपराध इतकाच, की त्यांना रोजगार हवा होता.

आणि हे त्याच जयपुरात घडले, जेथे पाच महिन्यांपूर्वी गिग कामगारांचा कायदा झाला होता. त्या कायद्याने कल्याण मंडळ, कामगारांची नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर कंपनीकडून शुल्क यांची तरतूद केली. कंपनी ‘भागीदार’ म्हणते म्हणून तो कामगार नाही असे ठरत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. हे शहाणपण सभागृहाला आपोआप सुचले नव्हते. कामगारांच्या व जनतेच्या संघटनांनी माहिती गोळा करून, मसुदे लिहून ते त्याच्यापुढे ठेवले होते. राजस्थानात या परंपरेला मोठा इतिहास आहे. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस आणि १९९७ साली जयपुरात ५३ दिवस धरणे धरून मजुरांनी हजेरीपटाची नक्कल मागितली. त्यातून राज्याचा २००० सालचा आणि देशाचा २००५ सालचा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. ज्या हजेरीपटावर खोटी नावे होती, तो वाचावयास शिकलेले मजूर हे या अर्थाने विधिमंडळाचे पहिले बिनपगारी संशोधक होते.

नाव बदलल्याने नाते बदलत नाही

कायद्याच्या भाषेत हा प्रश्न नवा नाही. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले, की त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन आहे. त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका आहेत. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय दिला. डिसेंबर २०२४ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने शासकीय संस्था कायम स्वरूपाचे काम ‘तात्पुरत्या’ नावाखाली करून घेतात, यावर कठोर टीका केली. हे सर्व सहज मिळाले नाही. त्यामागे लाखो स्त्रियांचे संप आणि मोर्चे होते.

फेलोच्या बाबतीत मात्र एक मानसिक अडथळा आहे. हाती पदवी, गळ्यात विधानभवनाचे ओळखपत्र, रोजचा सहवास आमदारांचा. त्यामुळे आपण कामगार आहोत हे मान्य करण्यास तो कचरतो. ‘ही नोकरी नव्हे, शिकण्याची संधी आहे,’ असे त्याला सांगितले जाते आणि तो ते स्वतःलाही सांगतो. संधी आहे, यात शंका नाही. परंतु कारखान्यातील शिकाऊ कामगारही शिकतोच. म्हणून यंत्रात बोट गेले तर भरपाई मागू नये, असे कोणी म्हणत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा दाखला उद्बोधक आहे. तेथे १९५७ पासून विधानसभेची फेलोशिप चालू आहे. तिची मुदत अकरा महिन्यांची. फेलोंना त्या काळात राजधानीतील राज्य विद्यापीठाचे कर्मचारी मानले जाते आणि आरोग्याचे संरक्षण मिळते. विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांना मात्र संघटना करून सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क तेथेही दीर्घकाळ नव्हता. तो देणारा कायदा २०२३ साली झाला आणि १ जुलै २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. इतरांसाठी कामगार कायदे करणारे सभागृह आपल्या दारातील कामगाराला सर्वांत शेवटी आठवते, हे तेथेही खरे ठरले.

महाराष्ट्राने काय करावे?

महाराष्ट्रात चित्र थोडे निराळे, पण उणीव तीच. २०१५ साली येथे मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, २०२० साली ती बंद झाली आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाली. २०२३ च्या योजनेत २१ ते २६ वर्षे वयाच्या ६० तरुणांना शासनाच्या कार्यालयांत नेमण्याची तरतूद होती. येथेही सरकार बदलताच योजना बदलली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे तरुण कार्यकारी सत्तेच्या बाजूला बसविले गेले. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सभासद त्या सत्तेला प्रश्न विचारणार; त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. तो उपयुक्त आहे, पण तो वर्ग आहे, काम नव्हे.

ही उणीव ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा वारसा मात्र थोर आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटवून दिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या मागणीत राजस्थानातील मजूर संघटना आघाडीवर होत्या आणि त्यांच्यापुढे आदर्श महाराष्ट्राचा होता. म्हणजे विधिमंडळातील एका माणसाच्या अभ्यासाने विसापूरपासून जयपूरपर्यंत मजुरांच्या चुली पेटविल्या. असा अभ्यास एखाद्या पाग्यांच्या चिकाटीवर सोडून न देता संस्थेच्या आधारावर उभा करणे, हे आजचे काम आहे.

त्यासाठीच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, प्रत्येक राज्य विधिमंडळाचा स्वतःचा संशोधन विभाग असावा, त्याचा खर्च विधिमंडळाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातून व्हावा आणि नियुक्तीचा व बडतर्फीचा अधिकार शासनाच्या कोणत्याही खात्याकडे नसावा.

दुसरी, पदे मंजूर असावीत, निवड जाहीर परीक्षेने व्हावी, आरक्षण पाळले जावे आणि प्रादेशिक भाषेत काम करण्याची पात्रता इंग्रजीइतकीच ग्राह्य मानावी. ज्या सभागृहाचे कामकाज मराठीत किंवा हिंदीत चालते, त्याच्या संशोधकाची परीक्षा केवळ इंग्रजीत घेणे म्हणजे खेड्यातील पदवीधराला दारातूनच परत पाठविणे होय.

तिसरी, मुदतीची नेमणूक असली तरी मुदत संपेपर्यंत ती तोडता येऊ नये. मिळणाऱ्या रकमेला वेतन म्हणावे. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची व प्रसूतीची रजा, लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती आणि संघटना स्थापण्याचा हक्क यांतून ‘फेलो’ या शब्दाच्या आधारे सुटका करून घेता येऊ नये.

चौथी, साहाय्य सर्व सभासदांना समान मिळावे. ब्रिटनमध्ये १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सार्वजनिक निधी दिला जातो, तो याच जाणिवेतून. सत्ताधाऱ्याच्या मागे सचिवालय असतेच. संशोधकाची खरी गरज विरोधी बाकावर आणि विशेषतः एकट्या-दुकट्या सभासदाला असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की यातून आणखी एक नोकरशाही निर्माण होईल आणि खर्च वाढेल. अभ्यासाविना घाईने मंजूर झालेल्या एका कायद्याचा खर्च किती होतो, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनी आधी मांडावा. दुसरा आक्षेप असा, की तरुण फेलो लोकप्रतिनिधीची जागा घेतील. ही भीती निराधार नाही. गावाशी नाते तुटलेल्या आमदाराला कोणताही फेलो वाचवू शकणार नाही. टिपण उत्तम आणि जनता अनुपस्थित, अशी स्थिती लोकशाहीला मारकच. म्हणूनच फेलोचे काम ग्रंथालयात संपता कामा नये. त्याने हजेरीपट पाहिला पाहिजे, रेशनच्या रांगेत उभे राहिले पाहिजे, आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना आपले टिपण वाचून दाखविले पाहिजे. हजेरीपट वाचणाऱ्या मजुराचे आणि विधेयक वाचणाऱ्या पदवीधराचे काम मुळात एकच आहे. लिहिलेल्या शब्दामागे कोणाची मजुरी दडविली आहे, हे दोघेही शोधतात.

तेव्हा या तरुणांकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी त्यांना आपल्या भागातील आकडे पुरवावेत आणि त्यांच्याकडून सभागृहाचे नियम शिकून घ्यावेत. कर्मचारी संघटनांनी कंत्राटी व मानधनी कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत त्यांचा समावेश करावा. आणि तरुणांनीही एक गोष्ट ओळखावी: शहीद स्मारकापाशी धरणे धरणारा इंटर्न, न्यायालयाच्या दारात उभा राहिलेला फेलो आणि पाठीवर पेटी घेऊन धावणारा कामगार यांना वेगळे ठेवते ते केवळ त्यांना दिलेले नाव.

उद्या सकाळी ११ वाजता पुन्हा कोठल्यातरी विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू होईल. मंत्र्याच्या मागे सारे सचिवालय असेल. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे कोणी असावे की नाही, आणि जो असेल त्याला महिनाअखेरीस हक्काचे वेतन मिळावे की नाही, याचा निर्णय आमदारांवर सोपवून भागणार नाही. ज्यांच्या वतीने तो प्रश्न विचारला जातो, त्यांनीच ही मागणी पुढे रेटली पाहिजे.